रात्री दोनचा फोन

सल्ला सदर

पत्र थोडक्यात असं आहे :

“मी पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, हिंगोली जिल्ह्यात केलं. हे माझं तिसरं वर्ष. हाताला काम चांगलं आहे असं सगळे म्हणतात, पण यंदाच्या अप्रेझलमध्ये इनचार्ज सिस्टरांनी ‘कम्युनिकेशन सुधारावे’ एवढंच लिहिलं आणि माझी पगारवाढ अडली. इथे डॉक्टर इंग्रजीत बोलतात, निम्म्या सिस्टर केरळच्या आहेत, आणि माझं ‘करायलेय, जायलेय’ ऐकून काही जणी हसतात. गेल्या महिन्यात आतड्याच्या ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री बेड ११ च्या काकांचा पल्स वाढत गेला. दोन वाजता पल्स १२४, बीपी ९६/६०, श्वास २६, आणि तीन तासांत लघवी ५५ मिली. मी आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) सरांना म्हटलं, ‘सर, बेड ११ चे पेशंट जरा बरे वाटत नाहीत.’ ते म्हणाले, ‘सलाईन चालू ठेव, बघतो.’ मोठ्या सरांना, म्हणजे कन्सल्टंट सर्जनना, फोन करायची हिंमत झाली नाही, कारण आधी एकदा त्यांनी ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ म्हणून सगळ्यांसमोर सुनावलं होतं. सकाळी सहाला काकांना आयसीयूत हलवलं. आता ते बरे होऊन घरी गेलेत, पण मला झोप लागत नाही. चूक माझी होती का? वॉर्डातल्या मदतनीस मावशींना काम सांगायलाही मला जड जातं, त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत. नातेवाईक ओरडले की माझा आवाजच बंद होतो. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का?”

प्रिय सिस्टर,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. क्लास लावायचा तर लाव. इंग्रजी आलं तर नोट्स वाचायला सोपं जाईल आणि पुढे परदेशी जायचं ठरवलंस तर तिकडच्या परीक्षेला उपयोग होईल. पण बेड ११ ची रात्र इंग्रजीमुळे बिघडली नव्हती. आरएमओंना तुझं मराठी नीट समजलं होतं. “जरा बरे वाटत नाहीत” हे तू अस्खलित इंग्रजीत सांगितलं असतंस, तरी त्यांनी “बघतो” असंच म्हटलं असतं. आणि तुझ्या बोलीवर हसणाऱ्यांमुळे एका पेशंटचंही भलं होत नाही, तेव्हा ती गोष्ट मनातून काढून टाक. मराठवाड्यातून आलेल्या पेशंटला रात्री अकरा वाजता आपल्यासारखं बोलणारी सिस्टर भेटते तेव्हा त्याला किती धीर येतो, हे मी आयुष्यभर वॉर्डात पाहिलं आहे.

आता त्या रात्रीबद्दल. तू विचारलंस म्हणून सरळ सांगते : मोठ्या सरांना फोन दोनलाच व्हायला हवा होता. आकडे पुन्हा बघ. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला एक गुणतक्ता आहे, ‘न्यूज’ नावाचा. आपल्याकडच्याही अनेक रुग्णालयांत तो किंवा त्याच धर्तीचा तक्ता वापरतात. श्वास, ऑक्सिजन, बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे. पेशंट जितका नॉर्मलपासून लांब, तितके गुण जास्त. तुझ्या काकांचा श्वास २६, त्याचे ३. वरचा बीपी ९६, त्याचे २. पल्स १२४, त्याचे २. बाकी सगळं ठीक धरलं तरी बेरीज ७, आणि ७ म्हणजे वरिष्ठांना ताबडतोब बोलवायची वेळ. लघवी या तक्त्यात येत नाही, पण ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली तरी व्हायला हवी. काकांना तीन तासांत ५५ झाली. म्हणजे शरीर ओरडून सांगत होतं आणि तू ते ऐकलंही होतंस. श्वास मोजलास हीच मोठी गोष्ट. पुष्कळ वॉर्डांत श्वासाच्या रकान्यात मोजता न मोजता २० लिहून मोकळे होतात.

त्यामुळे चूक तुझी एकटीची, असं मी म्हणणार नाही. आरएमओंनी उठून बघायला हवं होतं. ज्या सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं, त्यांनी पुढच्या फोनची वाट त्या दिवशीच बंद केली होती. पण त्या दोघांचं वागणं तुझ्या हातात नाही. तुझं वाक्य तुझ्या हातात आहे, म्हणून मी त्याबद्दलच बोलते.

“जरा बरे वाटत नाहीत” या वाक्यात तुझी काळजी आहे, पण समोरच्याने करायचं काय, ते नाही. आपण वरिष्ठांशी बोलताना असं करतो. नुसतं सुचवायचं आणि पुढचं ते ओळखतील अशी आशा धरायची. लहानपणापासून मोठ्यांपुढे असंच बोलायला शिकवलेलं असतं. घरात ते शोभतं. नाईट ड्युटीला त्याची किंमत पेशंट मोजतो.

ही सवय फक्त आपल्या माणसांची नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की दुसरं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्याने ती प्रश्नाच्या रूपात विचारली : ते विमान बाजूला झालेलं नाही का? अनुभवी, नावाजलेल्या कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालं आहे. इंजिनिअर गप्प बसला. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी वैमानिकांना विमान चालवण्याबरोबर एकमेकांशी कसं बोलायचं हेही शिकवायला सुरुवात केली : कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत सांगायची आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यायची. रुग्णालयांनी त्यातलं बरंच पुढे उचललं.

फोनवर माहिती देण्याची एक पद्धत अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवरून आली. कायझर परमनंट या तिकडच्या आरोग्यसंस्थेने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती दवाखान्यात आणली. तुमच्या इंडक्शनमध्ये ‘एसबार’ म्हणून शिकवली असेल आणि भिंतीवर चार्टही असेल. सध्या काय चाललंय, आधी काय झालंय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवं. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक सिस्टर सांगतात. तिसरीला आवाज बारीक होतो आणि चौथी राहूनच जाते. खरं तर फोन चौथ्या गोष्टीसाठीच केलेला असतो.

तोच फोन असा करता आला असता (आठ वाजताचे आकडे आणि पोटाचं मी नमुन्यादाखल धरलंय) :

“सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड ११, आतड्याचं ऑपरेशन, आज दुसरा दिवस. आत्ता पल्स १२४, बीपी ९६/६०, श्वास २६, तीन तासांत लघवी ५५ मिली. रात्री आठला पल्स ९२ होता, बीपी १२४/८०. पोट ताणलेलं लागतंय. नक्की काय झालंय ते मला सांगता येणार नाही, पण पेशंट बिघडत चाललाय. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर कुठली ब्लड पाठवू आणि सलाईनचं काय करू?”

मोठ्याने वाचून बघ, अर्धा मिनिट लागतो. यात निदान केलेलं नाही, ते तुझं काम नाहीच. “काय झालंय ते सांगता येणार नाही, पण बिघडतंय” एवढं म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे, कारण आठ वाजताचा पेशंट आणि दोन वाजताचा पेशंट दोन्ही तुमच्या शिफ्टच्या चार्टवर आहेत. डॉक्टरांपुढे रात्रीचा एकच क्षण असतो. आठ वाजताचे आकडे ऐकले की झोपेतून उठलेला माणूसही चटकन जागा होतो.

तू लिहिलंस, हिंमत होत नाही. मी तुला हिंमत करायला सांगणारच नाही, कारण रात्री दोन वाजता ती मागून मिळत नाही. तयारी मात्र संध्याकाळीच करता येते. फोन उचलण्याआधी पेशंटजवळ जाऊन स्वतः पल्स मोज, चार्ट हातात घे, ॲलर्जी आणि चालू औषधं बघून ठेव, आणि चौथं वाक्य कागदावर लिही. फक्त चौथं. “तुम्ही यावं”, “ऑर्डर हवी”, “आयसीयूत हलवायचं का ते ठरवा”, यातलं जे असेल ते. लिहिलेलं वाक्य भीतीतही वाचता येतं. बाकीचं चार्टवर आहेच.

आता “सलाईन चालू ठेव, बघतो” या उत्तराचं काय करायचं? एकदा सांगून भागत नाही तेव्हा दुसऱ्यांदा शब्द बदलून सांगायचं. “सर, मला काळजी वाटते. पेशंट सुरक्षित नाही असं मला वाटतं. तुम्ही किती वाजेपर्यंत येताय?” काळजी आणि सुरक्षितता हे दोन्ही शब्द मुद्दाम घालायचे. अमेरिकेत डॉक्टर-नर्सच्या टीमना प्रशिक्षण देताना नेमकं हेच शिकवतात, की पहिल्यांदा दाद मिळाली नाही तर निदान दुसऱ्यांदा तरी ठामपणे म्हणायचंच. तरीही कोणी आलं नाही, तर पुढची पायरी, म्हणजे त्यांच्या वरच्याला सांगायचं. नुसतं पुन्हा पुन्हा सांगणं नेहमी पुरत नाही. मंगळुरूला २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान टेकडीवरच्या धावपट्टीच्या पुढे जाऊन कोसळलं, १५८ जण गेले. चौकशीत निघालं की सहवैमानिकाने उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सांगितलं होतं. कॉकपिटमध्ये दोघंच असतात. तुझ्याकडे मात्र नाईट सुपरवायझर आहे, कन्सल्टंट आहेत, मेडिकल सुपरिंटेंडेंट आहेत. वरच्या माणसाला सांगणं म्हणजे आरएमओंची चुगली नव्हे, आणि ते लपूनछपूनही करायचं नाही. त्यांनाच सांगायचं : “सर, मी आता मोठ्या सरांना फोन करते.” दहातल्या नऊ वेळा त्या वाक्यावरच आरएमओ उठतात. आणि प्रत्येक फोनची वेळ, कोणाला काय सांगितलं, काय उत्तर आलं, हे नर्सेस नोट्समध्ये तिथल्या तिथे लिही.

ज्या सरांनी सुनावलं त्यांना दिवसा भेट. राउंड संपल्यावर, चार जणांत नाही. तक्रार नको, माफीही नको. विचार : “सर, तुमच्या पेशंटसाठी रात्री कोणत्या आकड्यांना मी तुम्हाला फोन करावा?” बहुतेक सर्जन या प्रश्नाचं उत्तर आनंदाने देतात, कारण त्यांनाही रात्री नको तो फोन यायला नको असतो आणि हवा तो चुकायला नको असतो. पल्स इतक्याच्या वर, लघवी इतक्याच्या खाली, ड्रेनच्या नळीतून इतकं आलं तर. ते चार्टवर त्यांच्याच हातून लिहून घे. मग रात्री तुला ‘फोन करू का?’ असं ठरवावंच लागत नाही.

तोंडी ऑर्डर घेतलीस की लिही आणि परत वाचून दाखव. यात फक्त एका गोष्टीकडे तुझं लक्ष वेधते, कारण तुझ्या वॉर्डात तीन भाषा चालतात. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखे ऐकू येतात. आपले एकोणसाठ, एकोणसत्तर तर मल्याळी सिस्टरांना समोरासमोरही अवघड जातात. म्हणून डोस सांगताना आकडे सुटे म्हण : “एक, पाच, पंधरा मिलिग्रॅम, बरोबर?” इन्सुलिन लिहिताना ‘युनिट’ पूर्ण लिही. इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि चाराचे चाळीस होतात.

ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट संपताना पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवताना, वेगळी अडचण असते. सकाळी साडेसातला सगळ्यांना घरी जायची घाई, मग ‘बेड ९ ठीक, १० ठीक, ११ ठीक’. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांतल्या निवासी डॉक्टरांना ओव्हर देण्याची ठराविक पद्धत शिकवली, तर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ओव्हरला वेळही जास्त लागला नाही. त्या पद्धतीतला मला सगळ्यात पटलेला भाग असा, की ऑफ जाणारा सगळ्यात आधी पेशंट किती आजारी आहे ते सांगतो, आणि घेणारा शेवटी ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगतो. तू आधी सगळ्यात नाजूक पेशंटच्या बेडपाशी ओव्हर दे, मग बाकीचे. आणि ‘काय झालं तर काय करायचं’ हे एक वाक्य त्यात घाल. “११ चा पल्स ११० च्या वर गेला तर सरांना फोन करायचाय, त्यांनीच लिहिलंय.”

मावशींबद्दल तू संकोच करतेस, ते तुझ्या वळणाला शोभतं, तो सोडू नकोस. पण संकोचामुळे काम सांगितलंच जात नाही, मग तू स्वतः करत बसतेस आणि शेवटी चिडून बोलतेस, हे तुझ्या पत्रातल्या ओळींतून मला दिसलं. शिफ्टच्या सुरुवातीलाच पाच मिनिटं काढ. “मावशी, आज ४ आणि ११ ला उठवायचं नाही, ७ नंबरच्या आजींना दर दोन तासांनी कूस बदलायची आहे, पहिली वेळ दहाची, आपण दोघी मिळून करू.” कोणतं काम, कुठे, किती वाजता, आणि कोण बरोबर आहे, हे कळलं की वयाचा प्रश्न उरत नाही. अर्धवट “मावशी, जरा तिकडे बघा ना” म्हणण्याने उलट अपमान होतो, कारण कुठे आणि काय ते त्यांनी ओळखायचं असतं आणि चुकलं तर बोलणी त्यांनीच खायची. काही राहिलं तर पेशंटपुढे किंवा वॉर्डबॉय मामांपुढे बोलू नकोस, युटिलिटी रूममध्ये बाजूला घेऊन विचार. आणखी एक, मावशींना रोज विचार : “आज कोणाचं काही वेगळं दिसलं का?” बेडपॅन त्या उचलतात, अंग त्या पुसतात. लघवीचा रंग बदलला, आजींनी कालपासून जेवण तसंच ठेवलंय, हे बहुतेकदा आधी त्यांना कळतं. त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ते चार्टपर्यंत येत नाही. वॉर्डातलं माझं सर्वांत ठाम मत हेच आहे.

नातेवाईक ओरडतात तेव्हा तुझा आवाज बंद होतो. मग चालू असलेल्या आवाजाला उत्तर देऊच नकोस, आधी त्यांना बसव, तूही बस. नाव सांग, काम सांग. “मी सिस्टर, आज रात्री बाबांकडे मी आहे.” ओरडणाऱ्या मुलाला खरं तर तीनच गोष्टी हव्या असतात : बाबांचं आत्ता काय चाललंय, पुढे काय होणार, आणि नीट कोण सांगणार. पहिली तू सांगू शकतेस. दुसरी माहीत नसेल तर “ते मला सांगता येणार नाही” असं स्पष्ट म्हण. तिसरीसाठी वेळ दे. “डॉक्टर सांगतील” या दोन शब्दांनी माणूस भडकतो, पण “सर साडेनऊला राउंडला येतात, तुमचे प्रश्न मला सांगा, मी लिहून त्यांच्या हातात देते” याने बसतो. आणि मग ते खरंच दे. मात्र कोणी अंगावर आलं तर समजूत घालत थांबू नकोस. बाजूला हो, सिक्युरिटी आणि सुपरवायझरला बोलाव. २०१० पासून महाराष्ट्रात रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध कायदा आहे, त्यात नर्सही येतात, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मार खाणं हा तुझ्या ड्युटीचा भाग नाही.

डिस्चार्जच्या वेळी “समजलं ना?” विचारणं सोड. आपल्याकडची माणसं सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून मान डोलावतात आणि घरी जाऊन दोन गोळ्यांची अदलाबदल करतात. त्यापेक्षा म्हण, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, सकाळी कोणती गोळी द्याल दाखवा बरं.” चुकले तर शांतपणे पुन्हा सांगायचं.

राहिलं अप्रेझल. ‘कम्युनिकेशन सुधारावे’ एवढ्या शेऱ्यावर कोणालाच सुधारता येत नाही, तेव्हा इनचार्ज सिस्टरांकडून तो फोडून घे. वेळ मागून जा आणि विचार, “सिस्टर, कोणत्या प्रसंगात मी कमी पडले? पुढच्या तीन महिन्यांत तुम्हाला काय वेगळं दिसायला हवं?” त्या ओव्हर म्हणतील, फोन म्हणतील किंवा नातेवाईक म्हणतील. जे म्हणतील ते लिहून घे, त्यांना वाचून दाखव, आणि तीन महिन्यांनी भेटायची तारीख तिथेच ठरव. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला सीएनईचे (नोकरीत असतानाच्या नर्सिंग प्रशिक्षणाचे) तास लागतातच, तर येत्या वर्षातले काही तास याच विषयाच्या कार्यशाळेला दे, आणि त्यासाठी त्यांच्याकडेच नाव नोंदव.

आणि बेड ११ च्या रात्रीचा इन्सिडंट रिपोर्ट, म्हणजे घडलेल्या प्रकाराची लेखी नोंद, अजून भरला नसशील तर भर. चांगल्या रुग्णालयात तो कोणाला शिक्षा करायला नसतो. दोन ते सहाच्या मधे कोणती पायरी तुटली हे क्वालिटी विभागाच्या माणसांना त्यावरूनच कळतं, आणि आरएमओंनी “बघतो” म्हटल्यावर पुढे किती मिनिटांनी सिस्टरने थेट कन्सल्टंटला फोन करायचा, याचा लेखी नियम वॉर्डाला मिळू शकतो. तो नियम तुझ्यानंतर येणाऱ्या, तुझ्याइतक्याच घाबरणाऱ्या मुलींच्याही कामी येईल. रिपोर्टमध्ये आकडे आणि वेळा लिही, कोणाचा स्वभाव नको. भरायला अडचण आली तर मला पुन्हा लिही, आपण मिळून मसुदा करू.